दुरसून

पहिल्यांदा भेटला तेव्हा तो आजारी नव्हता,
निदान कुणाला ठाऊक नव्हतं.
ओगुलशेकेर तेव्हा प्रश्नावली घेऊन गावोगाव फिरायची,
तुर्कमेन सहराच्या टोकाला, जिथे डांबर संपून टेकड्या लागतात.
वय? घोडे किती? तंबाखू? अफू?
(खाली बघून: कधीमधी.)
चहा किती गरम पिता?

याचं उत्तर शब्दांत देता येत नाही कुणाला.
म्हणून ती दोन पेले ओतायची,
एक समोरच्यासाठी, एकात तापमापक.
पंचाहत्तर अंशांवर तिने विचारलं, असा?
त्याने घोट घेतला. म्हणाला,
पोरी, हा तर निवलाय.

नाव दुरसून.
म्हणजे: राहो.
आधीची तीन पाळण्यातूनच गेली,
चौथ्याला आईने नावाच्या दाव्याने बांधून ठेवलं.

आता चार वर्षांनी, गोरगानच्या प्रयोगशाळेत
मेणाच्या ठोकळ्यात त्याच्या अन्ननलिकेचा तुकडा,
मसुरीएवढा.
वर नाव नाही, तसा नियमच आहे.
आकडा आहे, आणि गावाचा संकेत,
आणि त्या गावातून या वर्षी एकच माणूस आलाय.

गाठ आहे तिथेच आहे, की निघाली?
स्कॅन स्वच्छ.
पण स्कॅनला दिसते तेव्हा ती पोचलेली असते.

म्हणून ओगुलशेकेर अक्षरं वाचते.
अक्षरं सगळी जागच्या जागी, एकही खोडलेलं नाही.
फक्त काहींच्या डोक्यावर मिथाइलचा कण,
कार्बन एक, हायड्रोजन तीन,
मुंगीच्या तोंडातली साखर यापुढे डोंगर.
आपण अक्षराचा पाय मोडतो ना, तसं:
अक्षर राहतं, त्याच्यातला स्वर जातो.
आणि ज्या जनुकाचं कामच होतं
पेशीला शेजारणीचा हात सोडू न देणं,
तेच मुकं झालं तर

अक्षरांचे पाय मोडतात
आणि रोगाला पाय फुटतात.

संध्याकाळी ती नमुना बायसल्फाइटमध्ये ठेवते.
रात्रभरात उघडीबोडकी सायटोसिनं
वेगळंच अक्षर होऊन बसतील.
टोपी घातलेली तेवढी राहतील.
शिकताना तिने वहीच्या समासात लिहिलं होतं, परीक्षेपुरती खूण:
मिथाइलवालं = दुरसून.
राहतं ते.
आज ती वही कुठे आहे कोण जाणे,
समास मात्र डोळ्यांसमोरून हलत नाही.
कारण इथे जितकी अक्षरं राहतील
तितकं तिथे कुणीतरी निघालेलं असण्याची शक्यता.

सकाळी आलेख.
नऊ जागा तपासल्या, सहा राहिल्या.
पाचाच्या वर धोका, असं त्यांचा अभ्यास म्हणतो,
दोनशे माणसांवरून.
त्यांतली अकरा माणसं अभ्यासाचं न ऐकता
अजून घोडे धुतात.
निकाल तक्त्यात जाईल, त्याच्या फाइलमध्ये नाही,
हे अजून औषध नव्हे, नुसतं शोधणं आहे.
डॉ. फरहूमंद सोमवारी कापतील
ते डोळ्यांना दिसेल तेवढंच.

दुपारी ती वॉर्डात जाते. थर्मास घेऊन.
तो खिडकीशी, उशा तीन,
पाणीसुद्धा आता घोट मोजून उतरतं.
तिला ओळखतो. काचेची काडीवाली, म्हणतो,
आणि खोकतो, ते बहुतेक हसणं असावं.

ती दोन पेले ओतते.
काय म्हणतंय तुझं यंत्र? तो विचारतो.
कुठलं यंत्र, ते बोलत नाही.

अजून गरम आहे, ती म्हणते.
थांबा जरा.

आणि जन्मात पहिल्यांदा
तो चहा निवायची वाट बघतो.
पेल्याला बोट लावतो. काढतो.
पुन्हा लावतो.